पुण्यात एंडाइव्ह : कडूपणा, करपलेला गाभा आणि डेंगळे टाळायला वेळापत्रक कसं बसवावं?

मधलीगच्ची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यंदा हिवाळ्यात गच्चीवर पुन्हा एंडाइव्ह (लेट्यूससारखी, जराशी कडू चवीची कोशिंबिरीची पालेभाजी) लावायचा आहे. जागा पुण्यात, कोथरूडला. सकाळी आठ ते दुपारी दीडपर्यंत थेट ऊन, पुढे शेजारच्या इमारतीची सावली. बारा इंची ग्रो बॅगा आहेत, शिवाय ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि ८ इंच खोल असे दोन वाफे. लेट्यूस याच जागेत व्यवस्थित येतो.

एंडाइव्हच्या बाबतीत मात्र तीन गोष्टी दिसतात. पानं इतकी कडू की कोशिंबिरीत एक मूठ टाकली तरी बाकी सगळं बाजूला पडतं. गड्डा बाहेरून हिरवागार, पण उघडला की आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, ओलसर. आणि फेब्रुवारी सरता सरता मधून फुलाचा दांडा, म्हणजे डेंगळा, वर येतो. डिसेंबरच्या मध्यावर पेरणी, माती-शेणखत निम्मं निम्मं, दर आठवड्याला शेण-गोमूत्राचं जीवामृत, एक दिवसाआड पाणी असा क्रम होता.

बी कधी टाकावं, कुठला प्रकार घ्यावा, पानं बांधून पांढरी करतात ते कसं आणि किती दिवस, आणि करपण्यावर कॅल्शियमची फवारणी चालते का, हे कळलं तर बरं होईल.

---

वाफसा

तिन्ही तक्रारींचं मूळ बऱ्याच अंशी तारखेत आहे, म्हणून आधी तारखेचं बोलू.

‘थंडीचं पीक’ म्हटलं की लोक थंडी पडायची वाट बघतात आणि मग बी टाकतात. एंडाइव्हला रोपवाटिकेत २५ दिवस आणि लागवडीनंतर ५० ते ६० दिवस लागतात. डिसेंबरच्या मध्यावरचं बी भरायला मार्च उजाडतो. तोवर पुण्यात दुपारचा पारा ३२ च्या वर गेलेला असतो. या पिकाला १५ ते २० अंश सर्वांत मानवतात. आपल्याकडे दिवसा २८-२९ आणि रात्री १०-१२ असं असलं तरी चालतं, कारण रात्री त्याला सावरायला मिळतं. रात्र १७-१८ च्या वर गेली की कडूपणा चढतो.

म्हणून उलटं मोजा. शेवटच्या काढणीची तारीख १५ फेब्रुवारी धरा. ८० दिवस मागे गेलात की २७ नोव्हेंबर. पुण्यात पूर्ण गड्ड्यासाठी ही शेवटची पेरणी. पहिली पेरणी १५ ऑक्टोबरच्या आसपास, आणि मधल्या काळात दर बारा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं बी टाकत राहा. सगळं एकदम लावलं की सगळं एकदम काढायला येतं. डिसेंबरात हुक्की आलीच तर बी वाफ्यात फेकून कोवळी पानं कापायची, गड्ड्याची आशा धरायची नाही.

ऑक्टोबरच्या पेरणीत एक अडचण आहे. ३० अंशांच्या वर बी रुसतं, उगवण निम्म्यावर येते, आणि ऑक्टोबर हीट म्हणजे गच्चीवर दुपारी ३५ सहज. उगवणीला २० ते २५ अंश हवेत. ट्रे भरून, पाणी देऊन, घरातल्या सर्वांत थंड खोलीत फरशीवर ठेवा आणि वर ओलं गोणपाट टाका. दोन-तीन दिवसांत पहिली कोंबं दिसतील. दिसली की त्याच दिवशी ट्रे उजेडात. ‘अजून थोडी येऊ देत’ म्हणून एक दिवस जास्त झाकून ठेवलं की रोपं दोऱ्यासारखी लांबट होतात आणि ती पुढे सुधारत नाहीत.

९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे घ्या. कोकोपीट धुऊनच वापरा. विटेतलं मीठ निघालं नाही तर पहिल्याच पानांची टोकं जळतात. तीन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळ खत. प्रत्येक कप्प्यात दोन बिया, खोली अर्धा सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. एका ग्रॅममध्ये साधारण ६०० बिया बसतात, तेव्हा गच्चीसाठी एक ग्रॅमचं पाकीट पुरून उरतं. पहिलं खरं पान आलं की जोडीतलं अशक्त रोप उपटू नका, नखाने खुडा. उपटलं की शेजारच्याच्या मुळ्या हलतात.

रोप २२ ते २८ दिवसांचं, चार-पाच पानांचं असतानाच लावा. कप्प्यात मुळ्या गोल फिरायला लागल्या की रोप ताणात जातं आणि पुढे अवकाळी डेंगळा काढतं. कांद्याला डेंगळे येतात तोच प्रकार. लावताना मुळांचा गोळा मातीच्या पातळीला ठेवा, रोपाचा गळा (मूळ आणि पानं जुळतात ती जागा) मातीत पुरू नका. पुरलेल्या गळ्यात पाणी साचून मधला कोंब कुजतो. संध्याकाळी लागवड, पहिले तीन दिवस सावली.

डेंगळ्याबद्दल आणखी एक. युरोपात उन्हाळ्यातल्या लांब दिवसांनी तो येतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस ११ तासांचा, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कुठे १२ चा होतो. म्हणजे इथे दोष दिवसाच्या लांबीपेक्षा उष्णतेचा, पाण्याच्या ताणाचा आणि म्हाताऱ्या रोपांचा जास्त.

---

रानोमाळ

वाफसा यांनी शेताकडचं सगळं सांगितलंय, मी कुंडीचं सांगते.

निम्मं शेणखत फार झालं. ते पुरतं कुजलेलं नसेल तर नत्र एकदम सुटतं, पानं भसाभस वाढतात, आणि आतल्या पानांच्या कडा करपायचं हे एक मोठं कारण. बारा इंची बॅगेला हे मिश्रण घ्या : बागेची माती ४ भाग, भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट ३ भाग, गांडूळ खत किंवा जुनं कंपोस्ट २ भाग, जाडसर वाळू किंवा भाताचं तूस १ भाग. बॅगेमागे निंबोळी पेंड एक मूठ, साधारण ५० ग्रॅम. सामू (पीएच) ६ ते ७ च्या मध्ये असला की झालं. काळी चिकण माती असेल तर तिचं प्रमाण ३ भागांवर आणा आणि कोकोपीट तेवढं वाढवा.

एका बारा इंची बॅगेत एकच रोप. दोन लावायचा मोह होतो, कारण लहानपणी रोप केविलवाणं दिसतं, पण पूर्ण वाढलेला रुंद पानांचा एंडाइव्ह फूटभर पसरतो. दाटी झाली की खालची पानं ओली राहतात आणि बुडातून सड चढते. तुमच्या ४ बाय २ च्या वाफ्यात दोन ओळी, रोपांत एक फूट अंतर, म्हणजे आठ रोपं. आठ इंच खोली पुरेशी आहे.

पाणी एक दिवसाआड हे कुंडीसाठी चूक. जमिनीत चालून जातं, बॅगेत दुसऱ्या दिवशी दुपारी मुळं कोरडी पडतात. एंडाइव्हची मुळं वरच्या सहा-आठ इंचांतच असतात. रोज थोडं द्या. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला, ओल लागली तर थांबा. आठवडाभर कोरडं आणि मग बादलीभर, असं केलं की कडूपणा आणि करपा दोन्ही पदरात. वर पाचट किंवा वाळलेल्या पानांचं इंचभर आच्छादन करा, फक्त ते गळ्यापासून दोन बोटं लांब ठेवा.

खत : लागवडीनंतर दहाव्या दिवसापासून आठवड्याला एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत), लिटरला २ ग्रॅम, बॅगेमागे अर्धा लिटर. गड्ड्याचा मध्य दाटायला लागला की बंद. पुढे नत्र लागत नाही.

तुमच्या जागेचं ऊन उत्तम आहे. दुपारची सावली ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीत तुमच्याच फायद्याची.

---

पोल्डरवरून

मी नेदरलँड्समधून लिहितोय. इथे रुंद पानांचा एंडाइव्ह पालक-मेथीइतका रोजचा आहे. कच्ची पानं बारीक चिरून गरम कुस्करलेल्या बटाट्यात कालवतात, किलोभर बटाट्याला ४०० ते ५०० ग्रॅम पानं. बटाट्याच्या उष्णतेनेच पानं अर्धवट बसतात, वेगळी शिजवत नाहीत.

प्रकारांबद्दल. दोन ठळक गट : कुरळा, त्याला फ्रेंच फ्रिझे म्हणतात, आणि रुंद पानांचा, तो इटलीत स्कारोला. कुरळ्यातले जुने, सहज मिळणारे वाण म्हणजे ‘ग्रीन कर्ल्ड रुफेक’ आणि ‘त्रे फीन मारेशेर’. दुसरा लहान, फार बारीक चिरलेल्या पानांचा, पण कुजायलाही तितकाच तयार. रुंदातला ‘ब्रॉड लीव्ह्ड बटाव्हियन’. कोवळी पानं पुन्हा पुन्हा कापायला ‘बिआंका रिचा दा तालिओ’, त्याची पानं मुळातच फिकट पिवळी असतात, बांधायची गरज पडत नाही. तुमच्या हवेत सुरुवात रुंद पानांनी करा. त्याचा कडूपणा कमी आणि कोरड्या-ओल्या फरकाला तो जास्त सोसतो.

बी घेताना पाकिटावरचं लॅटिन नाव वाचा. ‘सिकोरियम एंडिव्हिया’ पाहिजे. ‘सिकोरियम इंटिबस’ म्हणजे चिकोरी, आपल्याकडची कासनी. गुजरातेत कॉफीत घालायला जिची मुळं पिकवतात ती हीच जात. बेल्जियन एंडाइव्ह म्हणून जे पांढरे टोकदार कोंब मिळतात तेही चिकोरीचेच. शेतात मुळं वाढवायची, ती खणून अंधाऱ्या खोलीत पुन्हा फुटवायची, असं ते दोन टप्प्यांचं काम असतं. ते बी कुंडीत लावून गड्ड्याची वाट बघितली तर कडू, लवदार पानांपलीकडे काही हाती येत नाही. बिया दिसायला सारख्याच, तेव्हा बियांवरून कळणार नाही. रोपावरून कळतं : एंडाइव्हचं पान गुळगुळीत, चिकोरीच्या पानाच्या मागच्या शिरेवर बहुधा लव असते.

डेंगळ्याबद्दल वाफसांच्या म्हणण्याला पुरवणी. इथले लोक लवकरची पेरणी २० अंशांच्या वर उबेत करतात, कारण उगवताना आणि रोपावस्थेत गारठा लागला तर रोपाला हिवाळा सरल्याचा भास होतो आणि दिवस लांबले की ते फुलायला निघतं. उघड्यावरची निर्धास्त पेरणी इथे जूनच्या मध्यानंतरच. पुण्यात हा प्रश्न जवळजवळ नाही. पण निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ५ च्या खाली उतरतो, तिथे लहान रोपं रात्री झाका. मोठं झाड मात्र हलकं हिमही सोसतं, त्याची काळजी नको.

---

वाफसा

कॅल्शियमचा प्रश्न राहिला होता.

गाभा करपतो तो मातीत कॅल्शियम नसल्याने नव्हे, बहुतेक वेळा ते आतल्या पानापर्यंत पोचत नाही म्हणून. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी तिकडेच जातं जिथे पानातून बाष्पीभवन होतं. बाहेरची मोठी पानं उन्हात पाणी उडवतात, त्यामुळे सगळं कॅल्शियम तीच ओढतात. दाटीत बंद असलेल्या कोवळ्या पानातून पाणी उडतच नाही. त्याला जे काही मिळतं ते रात्री, मुळांच्या दाबाने. म्हणून संध्याकाळी माती ओलसर असणं आणि खताचे क्षार जास्त नसणं, या दोन गोष्टी फवारणीपेक्षा मोठ्या.

फवारणी गड्डा बंद व्हायच्या आधी, मध्य उघडा असताना केली तर थोडा उपयोग. बंद झाल्यावर थेंब आत जातच नाहीत, वरच्या पानावर पांढरे डाग तेवढे पडतात. त्यापेक्षा कॅल्शियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम, मातीतून, लागवडीनंतर तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात. हे १९:१९:१९ बरोबर एका बादलीत कालवू नका. कॅल्शियम आणि स्फुरद मिळून साका होऊन तळाशी बसतो आणि दोन्ही वाया जातं. मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या.

युरिया आणि अमोनियम सल्फेट तर नकोच. अमोनियम मुळाशी कॅल्शियमला अडवतं.

आणि थोडा करपा दिसायला लागला तर वाट बघू नका, त्याच दिवशी काढा. करपलेल्या कडेवर सड बसते आणि चार दिवसांत अख्खा गाभा चिकट होतो.

---

खाऱ्यावाऱ्यावर

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, मुंबई इथल्या कुणी हे वाचत असेल तर पुण्याचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. आपल्याकडे रात्र १७-१८ च्या खाली फारशी उतरत नाही. पूर्ण गड्डा भरेपर्यंत तो कडूच होणार. कोवळ्या पानांवर समाधान मानायचं. पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर, ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली. चौरस मीटरला दोन ते तीन ग्रॅम बी वाळूत मिसळून फेका, वरून चाळलेलं खत पसरा. २५ ते ३५ दिवसांत पान बोटभर लांब होतं. जमिनीपासून ३ सेंटिमीटर ठेवून कात्रीने कापा. मधला कोंब कापला नाही तर पंधरा दिवसांत पुन्हा फुटतं, दोन कापण्या नक्की, तिसरी मिळाली तर नशीब.

जांभ्याची माती आंबट असते, सामू साडेपाचच्या आसपास. पेरणीच्या तीन आठवडे आधी चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम शेतीचा चुना मिसळा. आणि गोगलगायी! पावसाळा संपला तरी ओल्या पाचटाखाली त्या असतातच, एका रात्रीत रोपांची ओळ साफ होते. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओलं गोणपाट पसरा, सकाळी उचलून खाली जमलेल्या वेचा. मिठाच्या पाण्यात टाका, मीठ वाफ्यात नको. चुन्याची रेघ दवाने ओली झाली की निरुपयोगी.

---

मधलीगच्ची

सगळ्यांचे आभार, बरंच सुटलं. दोन गोष्टी अजून. जीवामृताबद्दल कुणी काही बोललं नाही, ते चालू ठेवू का? आणि पानं बांधून पांढरी करण्याची रीत?

---

रानोमाळ

जीवामृत इथे नको. मी स्वतः बाकी भाज्यांना वापरते, विरोध जीवामृताला नाही. पण ते ताज्या शेणाचं आहे आणि एंडाइव्ह तुम्ही कच्चा खाणार. कुरळ्या पानांच्या खाचांतून ते धुऊन निघत नाही, आणि शेणातले जंतू मिठाच्या पाण्यात बुडवल्याने मरत नाहीत. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात कच्चं शेणखत मातीला टेकणाऱ्या पिकाला काढणीच्या १२० दिवस आधी द्यावं लागतं, आणि आपलं अख्खं पीकच ८० दिवसांचं. पुरतं कुजलेलं कंपोस्ट पेरणीआधी मातीत, बस. मेथी, पालक शिजवून खातो, तिथली गोष्ट वेगळी.

आता पांढरं करणं. उजेड तोडला की आतल्या पानांत हरितद्रव्य तयार होत नाही आणि चिकातली कडू द्रव्यंही कमी होतात. पान मऊ, फिकट पिवळं, चवीला जवळजवळ गोडसर होतं.

रुंद पानांचा असेल तर बाहेरची पानं दोन्ही हातांनी वर गोळा करून, वरच्या तिसऱ्या भागात सुतळीने किंवा रुंद रबराने सैल बांधा. कुरळ्याला बांधणं जमत नाही, तो चेंगरतो. त्याच्या फक्त मध्यावर १५ सेंटिमीटरची ताटली उपडी ठेवा, किंवा काळा रंग दिलेला प्लास्टिकचा डबा कडेला लाकडाची चीप घालून, म्हणजे खालून हवा खेळेल.

नियम एकच, पण तो मोडू नका : बांधताना पानं आतपर्यंत कोरडी हवीत. दव उडाल्यावर, अकरा ते चारच्या दरम्यान. आदल्या दिवशी वरून पाणी दिलं असेल तर उद्यावर टाका. ओलं बांधलं की आत घाम धरतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास येतो. बांधल्यावर पाणी फक्त बुडाशी.

दिवस हवेवर ठरतात. पाश्चात्त्य पुस्तकांत दोन-तीन आठवडे लिहिलेलं असतं, ते १० अंशांच्या हवेसाठी. पुण्यात जानेवारीत ७ ते १० दिवस पुरतात. पाचव्या दिवसापासून रोज एकाचं डोकं उघडून बघा. फेब्रुवारीत ५ दिवसांपेक्षा जास्त बांधून ठेवू नका. आणि सगळे एकदम बांधू नका, या आठवड्यात जे दोन-तीन खायचे तेवढेच. पांढरा झालेला गड्डा झाडावर टिकत नाही, लगेच काढावा लागतो.

---

पोल्डरवरून

रानोमाळ ताई, रुंद पानांच्या बाबतीत मी थोडा असहमत. रोपं २५ सेंटिमीटरवर लावली तर पानं एकमेकांना आधार देत उभी राहतात आणि मध्य आपोआप फिकट होतो, बांधावंच लागत नाही. इथले शेतकरी बरेचदा तसंच करतात.

---

रानोमाळ

कोरड्या हवेच्या उघड्या रानात चालेल. गच्चीवरच्या वाफ्यात तीन बाजूंनी भिंत, वारा खेळत नाही, वर डिसेंबरचं दव. दाटीत बुडाची सड येते, तिथे मी फूटभरच ठेवेन. तुमच्याकडच्या वाऱ्याची चैन आमच्याकडे नाही.

---

वाफसा

दोघांचं खरं आहे, वारा कुठे किती त्यावर आहे. माझ्याकडे जुन्नरच्या उघड्या रानात गादीवाफ्यावर तीन ओळी आणि ३० सेंटिमीटर अंतर बसतं. वाफ्याचा माथा ९० सेंटिमीटर, पाट ४५, गुंठ्यात साधारण ७५० रोपं, बी दोन ग्रॅम. दोन ठिबक नळ्या, ताशी २ लिटरचे ड्रिपर ३० सेंटिमीटरवर, डिसेंबरात रोज १५ ते २० मिनिटं. तुषार सिंचन या पिकाला नकोच. विकायचं असेल तर लागवडीआधी गिऱ्हाईक ठरवा. फ्रिझेला हॉटेलवाला मध्य पांढरा मागतो, गावच्या बाजारात तो कुणी हातात घेत नाही.

किडीचं राहिलं. मावा हा मुख्य शत्रू, आणि कुरळ्या पानात शिरला की कसलीच फवारणी पोचत नाही. म्हणून रोप लहान असतानाच पिवळे चिकट सापळे लावा, गच्चीवर दोन पुरेत. आठवड्यातून एकदा पानाची खालची बाजू बघा. दिसला तर आधी पाण्याचा जोराचा फवारा, सकाळी, म्हणजे पान दिवसभरात सुकेल. तरी राहिला तर ५ टक्के निंबोळी अर्क : ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्याने गाळून थोडं साबणाचं पाणी घालून. मध्य दाटल्यावर अर्कही बंद, निंबाचा कडूपणा पानाला राहतो आणि मग दोष एंडाइव्हला जातो.

पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली तर नागअळी. ते पान तोडून कचऱ्यात, कंपोस्टात नाही. रोपवाटिकेत रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली तर ती मर, पाणी जास्त आणि हवा कमी. औषध शोधण्यापेक्षा ट्रे उचलून जाळीवर ठेवा आणि पाणी सकाळीच द्या.

---

मधलीगच्ची

काढणी आणि साठवण? आणि खरं सांगायचं तर घरात ज्येष्ठ मंडळींना हा कडू प्रकार कसा खायला घालावा तेही.

---

पोल्डरवरून

काढणी सकाळी लवकर, गड्डा जमिनीलगत सुरीने. बुडाशी पांढरा चीक येतो, कडू द्रव्यं त्यातच असतात. कापलेला बुडखा लगेच धुवा, नाहीतर तपकिरी होतो. ओलसर फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, केळी-सफरचंदांपासून दूर ठेवा. त्या फळांतून सुटणाऱ्या वायूने पानांवर डाग येतात. आठवडाभर सहज टिकतो.

---

रानोमाळ

पानं हाताने तोडा, बर्फाच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा आणि नीट निथळा. कडेचा चीक पाण्यात उतरतो. पांढरा मध्य कच्चा : दाण्याचं कूट, लिंबू, चिमूटभर गूळ, मीठ, वरून हिंग-मोहरीची गरम फोडणी. मध्य आणि डाळिंबाचे दाणे ही जोडी छान लागते. दही घालायचं तर अगदी वाढताना, नाहीतर पाणी सुटतं.

बाहेरची गडद हिरवी पानं टाकू नका, ती कच्ची कुणालाच आवडणार नाहीत. लसणीच्या फोडणीवर, बेसन पेरून परता. किंवा शिजलेल्या पांढऱ्या चवळीत शेवटच्या पाच मिनिटांत घाला. इटलीत स्कारोला आणि पांढऱ्या घेवड्याचा असाच प्रकार करतात. ज्येष्ठांना आधी हे द्या, कोशिंबीर नंतर. कारल्याला सरावलेल्या माणसाला हा कडूपणा फार वाटत नाही.

---

खाऱ्यावाऱ्यावर

बी घरी धरता येतं का, हे पुढचा प्रश्न म्हणून येईलच, म्हणून सांगून ठेवतो. येतं, पण फक्त सरळ वाणाचं, संकरिताचं नको. एक-दोन उत्तम, उशिरा डेंगळा काढणारी झाडं राखा. जे आधी फुललं त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी आणखी आधी फुलणारं पीक मिळेल. निळी फुलं येतात, परागीकरण बहुतेक स्वतःचं स्वतःच होतं, तेव्हा शेजारी दुसरा एंडाइव्ह नसला की वाण बराचसा शुद्ध राहतो. दांडा तीन-चार फूट जातो, काठीला बांधा. बोंडं तपकिरी, कडक झाली की अख्खा दांडा कापून कागदी पिशवीत उलटा टांगा. हे पावसाआधी उरकायला हवं, भिजलेल्या बोंडात बी काळं पडतं. बी सहज सुटत नाही, फडक्यात घेऊन लाटण्याने रगडावं लागतं. कोरड्या बाटलीत ठेवलं तर चार-पाच वर्षं उगवतं.